वाचक विचारतात : ग्लेनबक, फुटबॉलपटूंचे खाणगाव

गेल्या अंकात फुटबॉल प्रशिक्षकांवरील लेखात लिव्हरपूल क्लबचे ख्यातनाम व्यवस्थापक बिल शँकली यांचे जन्मगाव म्हणून स्कॉटलंडमधील ग्लेनबक या खाणवस्तीचा उल्लेख आला होता, आणि त्या एवढ्याशा गावाने पन्नासच्या आसपास व्यावसायिक फुटबॉलपटू घडवले, असे त्यात म्हटले होते. या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी कोळसा पट्ट्यात वाढले. आमच्याकडे आधी गाव असते आणि मग खाण येते. ग्लेनबक नेमके कोठे होते, आणि खाणीच्या आधी तेथे काय होते?
— एक वाचक, घुग्घुस (जि. चंद्रपूर)

ग्लेनबक हे एअरशायर परगण्याच्या अगदी पूर्व टोकाला, लॅनार्कशायरच्या हद्दीजवळ होते. ग्लासगोपासून ते आग्नेयेकडे सुमारे पन्नास किलोमीटरवर, आणि म्यूरकर्क या जवळच्या मोठ्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर होते. तो सगळा मुलूख उंचावरचा, झाडे कमी असलेला, पाणथळ गवताळ माळरानांचा आणि बोचऱ्या वाऱ्याचा आहे. शेतीला जमीन फारशी अनुकूल नसल्यामुळे तेथे पूर्वापार मेंढपाळांची तुरळक वस्ती होती. खाण येण्याआधी भरवस्तीचे गाव मात्र नव्हते. तुमच्या भागातील क्रम तेथे नेमका उलटा आहे : खाण आणि भट्टी आधी आली आणि तिच्यासाठी गाव वसले.

म्यूरकर्क येथे १७८७ मध्ये लोखंडाचा कारखाना सुरू झाला होता. त्याच्या पाठोपाठ १७९५ मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील वर्किंग्टन येथून आलेल्या जॉन रमनी यांनी ग्लेनबकला लोखंडाची भट्टी उभारली. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही हाताशी असल्यामुळे जागा सोयीची वाटली होती. परंतु तयार लोखंड तेथून बाजारपेठेपर्यंत नेणे खर्चाचे ठरले आणि १८१३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. भट्टी विझली तरी जमिनीखालचा कोळसा शिल्लक होता, आणि पुढची सव्वाशे वर्षे गाव त्याच्यावर जगले. (योगायोग असा की, ज्या वर्किंग्टनहून ग्लेनबकचा पहिला कारखानदार आला, त्याच वर्किंग्टनच्या फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक म्हणून १९५४ मध्ये ग्लेनबकचे शँकली गेले.)

गावाशेजारच्या तलावाची कथा आपल्या वाचकांना जवळची वाटेल. तो नैसर्गिक नाही. एअर नदीच्या खालच्या अंगाला कॅट्रिन येथे कापडगिरण्या होत्या, आणि उन्हाळ्यात नदीचे पाणी आटले की त्यांची पाणचक्की मंदावत असे. म्हणून गिरण्यांचे मालक जेम्स फिनले आणि कंपनी यांनी १८०२ मध्ये बांध घालून ग्लेनबकचा तलाव तयार केला. एअर नदी आजही या तलावापासून सुरू होते असे मानतात. याच फिनले कंपनीचा व्यापार पुढे हिंदुस्थानात पसरला आणि मुंबईच्या गिरणगावातील फिनले मिलचे नाव त्याच परंपरेतून आले. परळ-लालबागच्या ज्या कामगारांनी तो भोंगा ऐकला, त्यांच्या गिरणीच्या नावाचा एक धागा असा त्या आडबाजूच्या तलावापर्यंत पोहोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणींची संख्या वाढली आणि वस्ती हजार-बाराशेपर्यंत गेली. घरे ओळीने बांधलेली, एकमेकांना चिकटलेली आणि बहुतांशी खाणमालकांची होती. त्यामुळे नोकरी गेली की घरही जात असे. शाळा, चर्च, सहकारी दुकान आणि खेळाचे मैदान एवढ्यावर गावाचा पसारा संपत होता. जमीनदार चार्ल्स हॉवॅटसन हे काळ्या तोंडाच्या डोंगरी मेंढ्यांचे नामांकित पैदासकार होते. अशा रीतीने एकाच शिवारात वर मेंढ्यांचे कळप आणि खाली कोळशाचे बोगदे असे दोन वेगळे संसार चालत होते.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरातही पेठापेठांतून, तालमींतून फुटबॉल वाढला, पण तो शहराचा खेळ आहे. हजार वस्तीच्या गावातून पन्नास व्यावसायिक खेळाडू निघणे अतिशयोक्तीचे वाटते. हे खरे असेल तर त्यामागे कारण काय?
— एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर

आकडा खरा मानण्यास हरकत नाही. मात्र तो कसा मोजला जातो, हे ध्यानात घ्यावे. १८८० च्या दशकापासून १९३० पर्यंतच्या सुमारे पाच दशकांत ग्लेनबकमध्ये जन्मलेल्या किंवा ग्लेनबकच्या संघातून खेळून पुढे स्कॉटलंड अथवा इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबांत गेलेल्या खेळाडूंची ही गणती आहे. शेजारच्या वस्त्यांतून या संघात येऊन खेळलेले काहीजण त्यात धरलेले आहेत. ते वगळले तरी उरलेली संख्या त्या लोकसंख्येच्या मानाने थक्क करणारीच आहे.

तुम्ही तालमीचा उल्लेख केलात तो योग्य आहे, कारण ग्लेनबकमध्ये तालमीसारखेच काम एका संघाने केले. १८७० च्या दशकात गावातील खाणकामगारांनी ‘ग्लेनबक अॅथलेटिक’ हा संघ काढला आणि पुढे त्याचे नाव ‘ग्लेनबक चेरीपिकर्स’ झाले. चेरीपिकर्स, म्हणजे चेरी तोडणारे, हे ब्रिटिश सैन्यातील अकराव्या हुसार या घोडदळ पलटणीचे टोपणनाव होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात स्पेनमधील चेरीच्या बागेत ही तुकडी शत्रूच्या तावडीत सापडल्यामुळे ते पडले होते, आणि संघाने तेथूनच ते उचलले असे मानतात. १८८९ ते १८९१ या सलग तीन वर्षांत या संघाने एअरशायरचा ज्युनिअर चषक जिंकला. येथे ‘ज्युनिअर’ या शब्दाने फसू नये. स्कॉटलंडमध्ये तो मुलांचा नव्हे, तर प्रौढ खेळाडूंच्या एका वेगळ्या श्रेणीचा निदर्शक होता, आणि त्या श्रेणीतील सामने अतिशय दांडगाईने खेळले जात.

कारणांकडे वळताना एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. या गावाच्या हवेत किंवा रक्तात काही जादू होती, अशा अर्थाचे कौतुक वारंवार वाचायला मिळते, आणि ते मला त्या माणसांवर अन्याय करणारे वाटते. जे घडले ते गरजेतून, शिस्तीतून आणि ओळखीपाळखीच्या साखळीतून घडले.

गरज अशी की, मुलगा चौदाव्या वर्षी शाळेतून सुटला की त्याच्यापुढे खाणीवाचून दुसरी वाट नसे. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास अधिकृत मान्यता मिळाली. स्कॉटलंडने मात्र ती १८९३ पर्यंत दिली नाही. मधल्या आठ वर्षांत इंग्लंडचे क्लब स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतून खेळाडू उचलून नेत होते, आणि त्यानंतरही ती वहिवाट थांबली नाही. पुढे इंग्लंडमध्ये कमाल वेतनाची मर्यादा घातली गेली तरी फुटबॉलपटूचा आठवड्याचा पगार खाणीतील मजुरीपेक्षा बराच अधिक होता, आणि मुख्य म्हणजे तो उजेडात, मोकळ्या हवेत मिळत होता. सकाळी अंधारात खाणीच्या लोखंडी पिंजऱ्यात (उद्वाहकात) बसून खाली उतरणाऱ्या आणि हिवाळ्यात वर येईपर्यंत पुन्हा अंधार झालेला पाहणाऱ्या माणसाला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते.

शिस्त खाणीचीच होती. भूमिगत खाणीत शेजारच्या माणसाचे लक्ष चुकले तर आपला जीव जातो, आणि म्हणून एकमेकांवर विसंबून, न बोलता एकमेकांची हालचाल ओळखून काम करण्याची सवय तेथे अंगी मुरते. हीच माणसे पाळी संपवून मैदानावर येत. शिवाय सुटलेला वेळ घालवायला गावात दुसरे फारसे काही नव्हते. जड लोखंडी कडे दूरच्या खुंटीवर फेकण्याचा ‘क्वॉइट्स’ हा खेळ तेवढा फुटबॉलच्या जोडीने चाले, आणि त्यातही गावच्या टॉम बोन यांनी मोठे नाव कमावले.

साखळीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेर गेलेला खेळाडू गावाला विसरत नसे. तो ज्या क्लबात असे, तेथे आपल्या धाकट्या भावाचे, भाच्याचे, शेजारच्या पोराचे नाव सुचवी, आणि सुटीत परत आला की मैदानावर उभा राहून पोरांना खेळाचे बारकावे दाखवी. कोल्हापुरात थोरला खेळाडू धाकट्याला हाताला धरून तालमीच्या संघात आणतो, तसेच हे होते. फरक एवढाच की येथे ती साखळी पाच-सहाशे किलोमीटर दूर पोर्ट्समथ आणि लंडनपर्यंत लांबलेली होती.

प्रश्न : शँकली यांच्याखेरीज ग्लेनबकचे कोणते खेळाडू पुढे आले? आणि शँकली कुटुंबातील पाचही भाऊ खेळाडू होते, हे खरे का?
— एक क्रीडाशिक्षिका, पुणे

शँकलींच्या आधीच्या पिढीतील एक नाव अग्रक्रमाने सांगायला हवे, कारण खुद्द फुटबॉलप्रेमींनाही ते सहसा ठाऊक नसते. सँडी ब्राउन हे ग्लेनबकचे. १९०१ साली ते लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर संघाचे आघाडीचे खेळाडू होते. हा संघ तेव्हा फुटबॉल लीग या इंग्लंडच्या मुख्य साखळी स्पर्धेचा सदस्यही नव्हता, दक्षिणेकडील दुय्यम लीगमध्ये खेळत होता. त्या वर्षीच्या एफए चषकात, म्हणजे लहान-मोठ्या सर्व क्लबांना खुल्या असलेल्या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, ब्राउन यांनी प्रत्येक फेरीत गोल केला. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर शेफील्ड युनायटेडशी अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला, त्यातील टॉटनहॅमचे दोन्ही गोल त्यांचे होते. आठवड्याने बोल्टन येथे झालेला फेरसामना टॉटनहॅमने ३-१ असा जिंकला, त्यातही त्यांनी एक गोल केला. एका हंगामात एफए चषकात १५ गोल, हा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे, आणि लीगबाहेरच्या संघाने हा चषक जिंकण्याची लीग स्थापन झाल्यानंतरची ती एकमेव वेळ आहे. त्याच विजयी संघात बचावफळीत सँडी टेट होते, आणि तेही ग्लेनबकचेच! एका खाणवस्तीतील दोन माणसे लंडनच्या एका संघात, एकाच अंतिम सामन्यात, अशी ही गोष्ट आहे.

जॉनी क्रॉस्बी हे थोडे नंतरचे. १८९६ मध्ये ग्लेनबकला जन्मलेले क्रॉस्बी एअर युनायटेडमधून बर्मिंगहॅमला गेले, स्कॉटलंडकडून खेळले आणि १९३१ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यातही उतरले. याखेरीज विली म्यूर हे एव्हर्टनचे गोलरक्षक होते.

आता शँकली कुटुंब. होय, अॅलेक, जिमी, जॉन, बॉब आणि बिल हे पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले. घरात एकंदर दहा भावंडे, पाच मुलगे आणि पाच मुली. खेळाचा वारसा आईकडून अधिक ठळक दिसतो. आई बार्बरा या माहेरच्या ब्लाइथ. त्यांचे भाऊ बॉब ब्लाइथ हे रेंजर्स, प्रेस्टन अशा क्लबांतून खेळून पोर्ट्समथला गेले, तेथे खेळाडू, व्यवस्थापक आणि अखेर अध्यक्ष झाले. दुसरे भाऊ बिली ब्लाइथ कार्लाइल युनायटेडच्या संचालकांपैकी एक होते. भाचा बिल १९३२ मध्ये व्यावसायिक म्हणून प्रथम कोठे रुजू झाला, तर याच कार्लाइलमध्ये. साखळी म्हणतो ती हीच.

बिल यांचा जन्म २ सप्टेंबर १९१३ चा. शाळा संपल्यावर १९२८ मध्ये ते खाणीवर लागले. आधी जमिनीवर कोळशाचे टब (छोटे डबे) रिकामे करणे, कोळशातून दगड वेचून बाजूला काढणे, आणि मग खाली जाऊन भरलेले टब पिंजऱ्यात ढकलणे, असे ते काम होते. खाली अंधार, उंदीर आणि कोळशाची धूळ असे आणि अंग कधीच पुरते स्वच्छ होत नसे, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. जेमतेम दोन वर्षांत ती खाण बंद पडली आणि ते बेकार झाले. चेरीपिकर्सकडून खेळण्याची संधीही त्यांना लाभली नाही, कारण कामे गेल्यामुळे माणसे पांगत होती आणि संघही मोडकळीला आला होता. १९३० च्या दशकाच्या आरंभी तो बंद झाला. म्हणून हा मुलगा सायकलने वीसएक किलोमीटरवरच्या क्रॉनबेरी एग्लिंटन संघाकडून खेळायला जाई. ज्या माणसामुळे आज जग ग्लेनबकला ओळखते, त्याला गावाच्या संघाची जर्सी अधिकृत सामन्यात कधी अंगावर घालता आली नाही.

कार्लाइलहून १९३३ मध्ये ते प्रेस्टन नॉर्थ एंडला गेले आणि १९३८ मध्ये त्या संघाबरोबर एफए चषक जिंकले. निवृत्तीनंतर चार लहान-मध्यम क्लबांचे व्यवस्थापन करून डिसेंबर १९५९ मध्ये ते लिव्हरपूलला आले, तेव्हा तो क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडला होता. जुलै १९७४ मध्ये पद सोडेपर्यंत पहिल्या श्रेणीचे तीन किताब (१९६४, १९६६, १९७३), दोन एफए चषक (१९६५, १९७४) आणि १९७३ चा यूएफा चषक, एवढे त्यांनी मिळवून दिले होते. आकड्यांहून मोठी गोष्ट मला वेगळी वाटते. प्रत्येकाने एकाच उद्दिष्टासाठी राबावे आणि जे मिळेल त्यात प्रत्येकाचा वाटा असावा, हाच आपला समाजवाद आणि असाच आपला फुटबॉल, असे ते उघडपणे म्हणत. चाहत्यांच्या पत्रांना ते स्वतः टंकयंत्रावर बसून उत्तरे लिहीत. मैदानातला मोठा माणूस आणि उभ्याने सामना पाहणारा गोदी कामगार यांच्यात त्यांनी अंतर मानले नाही. ही शिकवण कोणत्या पुस्तकातून आलेली नव्हती. ओळीतल्या घरांत, जेथे एकाच्या घरी चूल पेटली नाही तर शेजारी ताट पाठवी, तेथे ती रुजलेली होती.

बंधू बॉब यांनाही त्यांच्या सावलीत ठेवू नये. त्यांनी डंडी संघाला १९६२ मध्ये स्कॉटिश लीगचे विजेतेपद मिळवून दिले, आणि पुढच्याच हंगामात तो संघ युरोपियन चषकाच्या (युरोपातील देशोदेशींच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

वर्गात विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. युरोपियन चषक ब्रिटनमध्ये प्रथम आणणारे सेल्टिकचे जॉक स्टीन (१९६७) आणि मँचेस्टर युनायटेडचे मॅट बस्बी (१९६८) हे दोघेही शेजारच्या लॅनार्कशायरमधील खाणकामगारांच्या वस्त्यांतले. दोघांनीही खाणीत काम केले होते. शँकली, बस्बी आणि स्टीन यांची जन्मगावे एकमेकांपासून पन्नासएक किलोमीटरच्या आत येतात.

प्रश्न : ग्लेनबक आज पाहायला मिळते का?
— एक वाचक, ठाणे (सध्या वास्तव्य मँचेस्टर)

गाव म्हणून नाही. १९३० च्या आसपास खाणी बंद पडू लागल्यावर कुटुंबे म्यूरकर्ककडे, ग्लासगोकडे, इंग्लंडकडे निघून गेली, आणि ओळीतली घरे एकेक करून रिकामी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच भागात ओपनकास्ट खाण सुरू झाली. जो कोळसा जुन्या बोगद्यांतून काढता आला नव्हता, तो वरची माती आणि खडक दूर करून काढण्यात आला आणि त्यात उरलेसुरले गावठाणही गेले. घुग्घुसच्या आमच्या वाचकभगिनींनी पहिल्या प्रश्नात जो क्रम सांगितला आहे, तो ग्लेनबकच्या वाट्याला असा सुमारे दोनशे वर्षांनी आला. ओपनकास्ट चालवणारी कंपनी २०१३ मध्ये बुडाली आणि मागे प्रचंड खड्डे राहिले. त्यांतील स्पायरस्लॅक येथील कापलेल्या कड्यात ३० कोटी वर्षांहून जुने कोळशाचे आणि चुनखडीचे थर एकावर एक इतके स्वच्छ दिसतात की भूशास्त्रज्ञ ते अभ्यासायला मुद्दाम येतात.

तरीही जावे, असे मी सांगेन. मँचेस्टरहून स्वतःच्या गाडीने एका दिवसात जाऊन येता येईल. एम-७४ महामार्ग सोडून डग्लसवरून म्यूरकर्ककडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की वाटेत ग्लेनबकचा तलाव येतो. तेथून एअर शहरापर्यंत नदीच्या काठाने जाणारी पायवाट सुरू होते. गावाच्या जागी १९९७ मध्ये उभारलेला काळ्या दगडाचा स्मृतिफलक आहे. शँकली यांचे नाव त्यावर ठळक आहेच. परंतु एवढ्या लहान गावातून इतके खेळाडू आपल्या खेळात शिखरावर पोहोचल्याची नोंद करून तो फलक त्या सर्वांनाच अर्पण केलेला आहे, हे मला विशेष उचित वाटते. अलीकडच्या वर्षांत जुन्या वस्तीची ओळख करून देणाऱ्या खुणा आणि पायवाटाही तेथे झाल्या आहेत. पाऊस आणि वारा यांची तयारी ठेवून जावे, कारण आडोशाला एकही घर उरलेले नाही. स्मृतिफलकापाशी बहुधा लिव्हरपूलचे लाल गळपट्टे बांधलेले दिसतील. सँडी ब्राउन यांच्यासाठी टॉटनहॅमचा एखादा पांढरा गळपट्टाही आपण सोबत नेलात, तर त्या दगडाशेजारी तो शोभून दिसेल.